कवडसा धरायला शिकताना

रमजानातल्या दुपारी हिंगणघाटचे आमचे जुने घर नेहमी अंधारे असायचे. जोहरची नमाज झाली की अम्मी दारे-खिडक्या ओढून घ्यायची. आम्ही भावंडे सारवलेल्या गार जमिनीवर चटई टाकून पडायचो आणि असरपर्यंतचा वेळ कवडसे मोजण्यात घालवायचो. कवेलूंच्या फटींतून उन्हाच्या काठ्या खाली उतरायच्या, त्यांत धूळ तरंगताना दिसायची आणि जमिनीवर उजेडाचे रुपये पडायचे. रुपया तळहातावर घेता यायचा. मूठ मिटली की तो मुठीवर येऊन बसायचा.

तेव्हा एका गोष्टीचे नवल वाटायचे. फट तिकोनी असो, लांबट असो, कवेलू कसेही फुटलेले असो, कवडसा मात्र गोलच पडायचा. त्याचे कारण पुढे फोटो स्टुडिओत कामाला लागलो तेव्हा कळले. जमिनीवरचा तो गोल फटीचा आकार नसतो, ते सूर्याचे चित्र असते. ग्रहण लागले की हेच सगळे रुपये चंद्रकोरी होतात. म्हणजे ज्या अंधाऱ्या खोलीत आम्ही भूक विसरायला पडत होतो, तो एक मोठा कॅमेराच होता आणि आम्ही त्याच्या पोटात लोळत होतो.

इब्न अल-हैसम यांनी हे हजार वर्षांपूर्वी तपासून पाहिले होते. इ. स. ९६५च्या सुमारास बसऱ्यात जन्मलेला आणि पुढे कैरोत राहिलेला हा विद्वान. त्यांच्या ‘किताब अल-मनाजिर’मध्ये एक साधा प्रयोग आहे. अंधाऱ्या जागेच्या छिद्रासमोर बाहेर काही दिवे मांडायचे. आत प्रत्येक दिव्याचा वेगळा ठिपका पडतो. एक दिवा झाकला की नेमका त्याचाच ठिपका नाहीसा होतो, बाकीचे जिथल्या तिथे. उजेड सरळ चालतो आणि वाटेत दुसऱ्या उजेडात मिसळत नाही, हे त्यावरून दिसते. ग्रहणाच्या आकारावरही त्यांचे एक लेखन आहे. छिद्र बारीक असले तर आत चंद्रकोर स्पष्ट उमटते आणि छिद्र मोठे करत गेले की ती पुसट होऊन छिद्राचाच आकार उरतो, हे त्यात आले आहे. कॅमेऱ्याच्या अॅपर्चरचा पहिला धडा मी भाच्याला यावरूनच दिला. लेन्स आली की हिशेब बदलतो, पण देवाणघेवाण तीच राहते. जास्त उजेड आत घ्यायचा तर थोडा नेमकेपणा सोडावा लागतो.

हे सगळे आत्ताच आठवायला कारण आहे. ईद झाली की आमच्या घरावरची कवेलू उतरणार आहेत. भिंती पडतील, स्लॅब पडेल. पावसाळ्यात गळते, वानरे कवेलू फोडतात, ती शाकारणारा माणूस आता मिळत नाही. भाईजानचे म्हणणे चूक नाही. पण बहिणीच्या मुलाने हे ऐकले आणि तो पहिल्या रोज्यालाच वर्ध्याहून कॅमेरा घेऊन हजर झाला. त्याला सिनेमॅटोग्राफी शिकायची आहे, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या प्रवेश परीक्षेची तयारी चालू आहे. “मामू, नानीचं घर पडायच्या आधी त्यावर दहा मिनिटांची फिल्म करायची,” म्हणाला. कॅमेरा मित्राचा आणि सोबत लग्नाचे शूटिंग करणाऱ्या पोरांकडून मागून आणलेला एलईडीचा पॅनल.

पहिल्या दिवशी त्याने तो पॅनल स्वयंपाकघराच्या दारात उभा केला आणि पेटवला. चाळीस वर्षांचा धूर खाऊन काळ्या झालेल्या भिंती एकदम राखाडी दिसू लागल्या. अम्मीच्या मागे तिची सावली पिशाच्चासारखी उभी राहिली. फळीवरच्या डब्यांवर पांढरे डाग चमकू लागले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर सगळे स्वच्छ दिसत होते. फक्त ते आमचे घर नव्हते. अम्मीच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढून झालाय, दुसऱ्याचा बाकी आहे. समोरून उजेड आला की तिला धुके दिसते. “बेटा, तो दिवा बंद कर. मला तवाच दिसत नाही,” ती म्हणाली. मग जरा वेळाने तिने तिच्या अटी सांगितल्या. दिवा लावायचा नाही. मला इथे बस, तिथे बघ सांगायचे नाही. आणि भजी एकदाच तळली जातील, तुझ्यासाठी पुन्हा नाही.

भाचा हिरमुसला. मला मात्र कनू गांधी आठवले. पुढच्या रविवारी सकाळी आम्ही मामा-भाचे गाडीत बसलो आणि सेवाग्राम जंक्शनला उतरलो.

सेवाग्राम आपण सगळ्यांनी शाळेच्या सहलीत पाहिलेले असते. १९३६ साली गांधीजी इथे राहायला आले तेव्हा या गावाचे नाव सेगाव होते. शेगावच्या टपालाशी घोळ होऊ लागला म्हणून १९४०मध्ये ते सेवाग्राम झाले. पण या आश्रमात एक तरुण एकट्याने छायाचित्रण शिकला, हे सहलीत कोणी सांगत नाही. कनू गांधी म्हणजे गांधीजींचे पुतणे नारणदास यांचे चिरंजीव, जन्म १९१७चा. ते आश्रमात कार्यालयाचे आणि हिशेबाचे काम पाहत. विनोबांचे धाकटे भाऊ शिवाजी भावे यांच्यामुळे त्यांना छायाचित्रणाची गोडी लागली. कॅमेरा मागितला तर गांधीजींनी त्यासाठी पैसे नाहीत म्हणून सांगितले. पुढे घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या १०० रुपयांत रोलायफ्लेक्स कॅमेरा आणि रोल आले. गांधीजींनी परवानगी दिली ती तीन अटींवर. फ्लॅश वापरायचा नाही. मला कधीही पोज द्यायला सांगायचे नाही. आणि या छंदाचा खर्च आश्रम करणार नाही.

आता या अटी नवशिक्याच्या नजरेने पाहा. फ्लॅश नाही, म्हणजे जो उजेड आहे त्यातच भागवायचे. त्या काळचे सर्वसाधारण रोल आजच्या हिशेबाने १०० आयएसओच्या आसपास किंवा त्याहूनही मंद. रोलायफ्लेक्सची काच साधारण एफ ३.५पर्यंत उघडायची. मातीच्या भिंती, खाली आलेले छप्पर, बारीक खिडक्या. अशा खोलीत पूर्ण काच उघडूनही शटर सेकंदाच्या पंचविसाव्या भागावर किंवा त्याहून हळू ठेवावे लागणार. तेवढ्या वेळात समोरचा हलला तर चित्र हलले. आणि समोरच्याला थांब म्हणायची सोय नाही, कारण दुसरी अट. मग एकच मार्ग राहतो. माणूस कुठे बसतो, कधी थांबतो, कोणत्या वेळी दारातला उजेड त्याच्या तोंडावर येतो, हे दिवसेंदिवस बघत राहायचे आणि तो क्षण यायच्या आधी तयार राहायचे. तिसऱ्या अटीने उरलेली शिस्त लावली. एका रोलवर बारा चित्रे, आणि रोलचा पैसा स्वतः मिळवायचा. ‘वंदे मातरम्’ या वृत्तपत्राच्या अमृतलाल गांधींनी त्यांना दरमहा १०० रुपये देऊ केले, तेव्हा कुठे हात थोडा सैल झाला.

१९३८ ते १९४८ या दहा वर्षांत त्यांनी जे टिपले ते जगाला माहीत असलेल्या गांधीजींपेक्षा वेगळे आहे. सेवाग्रामात फोनवर बोलणारे, सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसलेले, कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींना मालिश करणारे गांधीजी. काही चित्रांत चेहऱ्याचा मोठा भाग काळोखात गेलाय, काही हलली आहेत, काहींवर जाड रवा दिसतो. स्टुडिओत असतो तर आमच्या मालकांनी यातली बरीच निगेटिव्ह कात्रीने कापून टाकली असती. पण मला वाटते, त्या काळोखामुळेच खोली खोलीसारखी राहिली आहे. बघणाऱ्याला त्या खोलीत उकडत असेल की गार असेल, याचा अंदाज येतो. २०१५ साली दिल्लीच्या नजर फाउंडेशनने ही छायाचित्रे पुस्तकरूपाने आणली, तेव्हा कनूभाईंना जाऊन एकोणतीस वर्षे झाली होती.

याउलट १९४६ची गोष्ट. ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या मार्गारेट बर्क-व्हाइट पुण्यात गांधीजींचा चरख्याजवळचा फोटो घ्यायला आल्या. आधी चरखा चालवायला शिका, असे त्यांना सांगण्यात आले. आत काळोख होता म्हणून फ्लॅशचे तीन बल्ब वापरायची परवानगी मिळाली. पहिले दोन वाया गेले, तिसरा लागला. तिसऱ्याने दिलेले चित्र जगभर गाजले, आणि चांगलेच आहे. पण त्या आल्या, शिकल्या, तीन बल्ब उडवून गेल्या. कनूभाई तिथेच राहत होते. आणि राहणाऱ्यालाही सगळे मिळत नाही. आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा गेल्या, त्या शेवटच्या घटकेचे छायाचित्र गांधीजींनी कनूभाईंना घेऊ दिले नाही, असे सांगतात.

बापू कुटीच्या परिसरात मी भाच्याला कॅमेरा पिशवीतच ठेवायला लावला. एक वही दिली आणि सांगितले, अर्धा तास बस आणि उजेड कुठून येतोय ते काढ. त्याने आधी दार काढले, खिडकी काढली. मग गप्प झाला. बऱ्याच वेळाने म्हणाला, “मामू, उजेड खालून येतोय.” बरोबर होते. आपल्याकडच्या जुन्या घरांची वळचण इतकी खाली असते की दुपारचे ऊन थेट आत येतच नाही. ते अंगणाच्या जमिनीवर आपटते आणि तिथून उसळून छपराच्या आतल्या बाजूला, हनुवटीखाली, हाताच्या तळव्यांवर येते. म्हणून अशा घरात माणसांच्या डोळ्यांखाली काळे खड्डे पडत नाहीत. सिनेमावाले ज्याला बाउन्स म्हणतात तो आपल्या अंगणांनी कधीचा लावून ठेवलाय. अंगण झाडून, शेणाने सारवून फिकट केलेले असेल तर उजेड थोडा जास्तच.

वहीची कल्पना माझी नाही. सुब्रत मित्र यांची आहे. १९५०च्या आसपास ज्यां रेन्वार बंगालमध्ये ‘द रिव्हर’ चित्रित करत होते, तेव्हा हा कोवळा मुलगा कोपऱ्यात उभा राहून दिव्यांची रेखाटने वहीत उतरवायचा. पुढे म्हणे खुद्द क्लोद रेन्वार, त्या चित्रपटाचे छायालेखक, आदल्या दिवशीची प्रकाशयोजना जुळवायला त्याची वही मागू लागले. नंतर सत्यजित राय यांनी ‘पथेर पांचाली’साठी कॅमेरा हाती दिला तेव्हा मित्रांनी त्यापूर्वी सिनेमाचा कॅमेरा चालवलेला नव्हता. १९५६च्या ‘अपराजितो’त बनारसच्या घराचे अंगण स्टुडिओत उभारले होते. वरून आकाशाचा मऊ उजेड यायला हवा होता. मित्रांनी अंगणावर पांढरे कापड ताणले आणि दिवे त्या कापडावर मारून खाली परतवले. तिथे आकाश कापडाचे होते हे आजही पाहताना लक्षात येत नाही. आज वर्ध्यातच, हिंदी विश्वविद्यालयात, नाट्य आणि चित्रपटाचा अभ्यास करता येतो. पूर्वीसारखे कोपऱ्यात उभे राहावे लागत नाही. पण वही तरीही लागतेच.

परतीच्या वाटेवर आम्ही रस्त्याकडेच्या एका शेतापाशी थांबलो. फरदडीचा कापूस वेचणे चालू होते. एक्सपोजर शिकायला वर्धा जिल्ह्यासारखी जागा नाही, असे माझे ठाम मत आहे. खाली काळी कसदार माती, वर दुपारच्या उन्हात डोळे दिपवणारा पांढरा कापूस आणि या दोघांच्या मध्ये उन्हाने रापलेला माणसाचा चेहरा. कॅमेऱ्यातला मीटर बिचारा आंधळा असतो. त्याला एकच गोष्ट माहीत, की जगातली प्रत्येक वस्तू सरासरी राखाडी आहे. कापसाने चौकट भरली तर तो कापूस राखाडी करतो, मातीने भरली तर माती राखाडी करतो. वर्ध्याच्या विश्वशांती स्तूपाचे फोटो मोबाइलवर मळकट येतात ते यामुळेच. स्तूपाला पांढरे ठेवायचे तर मीटरचे न ऐकता दीड-दोन स्टॉप जास्त उजेड द्यावा लागतो. काळी माती काळी ठेवायची तर कमी. स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मे, एवढेच. यात अवघड गणित नाही. अवघड आहे ते निवडणे. कापूस, माती आणि चेहरा तिघेही एका चौकटीत नीट बसत नाहीत, अशी वेळ रोज येते. मग कोणाला सोडायचे?

इथे मला माझीच एक सवय मोडावी लागली. आम्ही निगेटिव्हवर शिकलेली माणसे. रोल जास्त उजेड सोसायचा, कमी उजेडात मरायचा. म्हणून सावली बघून एक्सपोजर लावायचे आणि पांढऱ्याची फार चिंता करायची नाही. डिजिटल कॅमेऱ्याचे उलटे आहे. पांढरे एकदा फाटले की त्यातून काहीच परत मिळत नाही, सावलीतून मात्र थोडेफार उपसता येते, रवा सोसायची तयारी असेल तर. मी भाच्याला जुन्या हिशेबाने सांगत होतो आणि त्याचा कापूस फाटत होता. त्यानेच हिस्टोग्राम दाखवला, उजवीकडच्या भिंतीला आपटलेला. मी गप्प बसलो.

आणि सिनेमात फोटोपेक्षा एक दोरी कमी असते. फोटोत शटर हवे तेवढे वाढवता येते. चित्रफितीत सेकंदाला पंचवीस चौकटी धरल्या तर शटर साधारण सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर ठेवावे लागते, नाहीतर हालचाल तुटक दिसते. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची असल्यामुळे ट्यूबलाइटखालीही हाच आकडा बरा पडतो, चित्रात लहरी फिरत नाहीत. पण फेब्रुवारी-मार्चच्या आपल्या उन्हात, कॅमेरा ८०० आयएसओला बांधलेला असताना, काच एफ ५.६वर ठेवायची म्हटली तर सात स्टॉप उजेड जास्त होतो. म्हणून डोळ्यावर गॉगल लावतो तशी लेन्सवर एनडी फिल्टरची काळी काच चढवावी लागते. नवख्या मुलांनी महागड्या दिव्याआधी ही काच घ्यावी. आमच्या विदर्भात उजेड विकत आणायची गरज नाही, तो आवरायची आहे.

शेतातल्या बाईंची परवानगी विचारून भाच्याने काही मिनिटे चित्रित केले. घरी येऊन पाहिले तर त्याने तिचा चेहरा इतका उजळला होता की ती दुसऱ्याच प्रांतातली वाटत होती. “पुस्तकात लिहिलंय, त्वचा मधल्या राखाडीच्या एक स्टॉप वर ठेवायची,” तो म्हणाला. पुस्तक खोटे नाही. ते ज्या त्वचेसाठी लिहिले, ती गोरी आहे. कोडॅकच्या रंगीत फिल्मचा छपाईचा नमुना अनेक वर्षे एका गोऱ्या स्त्रीच्या फोटोवरून ठरत असे. ‘शर्ली कार्ड’ म्हणायचे त्याला. काळ्या मुलांच्या चेहऱ्यांचे काय होते याच्या तक्रारी होत्याच, पण फिल्म सुधारायला चॉकलेट आणि लाकडी सामान बनवणाऱ्यांच्या तक्रारी जास्त कामी आल्या, असे सांगितले जाते. आपल्याकडच्या गव्हाळ चेहऱ्याला मधला राखाडी पुरेसा असतो. उन्हात रापलेल्या चेहऱ्याला त्याहून एक स्टॉप खालीही चालते, मात्र गालाच्या हाडावर, घामावर एक चमक असावी. त्या चमकेने चेहरा उभा राहतो.

याच्या उलटी चूक मी जास्त पाहिली आहे, आणि तिचा मला राग आहे. २००६ साली पंतप्रधानांचे पॅकेज ज्या सहा जिल्ह्यांसाठी आले त्यात वर्धा होता. तेव्हापासून कॅमेरे घेऊन माणसे येतात. शेतकऱ्याच्या घरी जातात, खिडकी बंद करायला सांगतात, विधवेला कोपऱ्यात बसवतात, एक्सपोजर दोन स्टॉप खाली ओढतात. घर भुयारासारखे दिसते. त्या घराच्या मागच्या दारी अंगण असते, तुळस असते, शाळेत जाणारी मुलगी आरशापुढे वेणी घालत असते. तो उजेड कोणी घेत नाही. भाच्याला मी म्हटले, नानीच्या घराला गरीब करू नकोस आणि मांडवही करू नकोस.

मग आम्ही रोज थोडे थोडे शिकलो. इफ्तारच्या ताटातले पांढऱ्या बशीतले काळे खजूर हे आमचे पहिले मॉडेल. बशीच्या काठावरचा नक्षीचा उंचवटा दिसला पाहिजे आणि खजुराच्या सुरकुत्याही. बशी खिडकीजवळ नेली की जमायचे नाही, दोन हात आत आणली की जमायचे. कारण खिडकीपाशी एका बाजूला फार उजेड, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. बल्बचे गणित आणखी कडक. अंतर दुप्पट केले की उजेड चौथा भाग. अम्मीच्या चुलीवर लोंबणाऱ्या बल्बची वायर वीतभर वर घेतली तेव्हा तवा आणि भिंत यांच्यातला फरक कमी झाला आणि अम्मीलाही बरे वाटले. “आधीच का नाही केलंत,” म्हणाली.

स्वयंपाकघराचा खरा प्रश्न अंगणातून सुटला. दुपारी तीननंतर ऊन अंगणातल्या समोरच्या भिंतीवर येते. भिंत विटकरी, तिथून परतणारा उजेड तांबूस आणि थोडा. भाच्याने त्या भिंतीवर पांढरा दस्तरख्वान ताणून बांधला. ऊन त्यावर आपटले आणि स्वयंपाकघराच्या दारातून आत गेले. अम्मीच्या तोंडाची डावी बाजू हळूच उजळली. कोणता दिवा नाही, डोळ्यावर झगझगाट नाही. तिला कळलेही नाही. उजव्या बाजूला भिंत थोडी जास्तच उजळत होती, तर तिथे काळे घोंगडे टांगले. नवशिक्यांना उजेड लावायची घाई असते, पण घोंगडे टांगायला शिकणे जास्त महत्त्वाचे. इफ्तारच्या वेळी दस्तरख्वान सापडेना म्हणून आम्ही दोघांनी भाईजानची बोलणी खाल्ली, ती वेगळी.

सगळ्यात कठीण होती ती इफ्तारच्या आधीची वीस मिनिटे. सूर्य बुडत आलेला, आकाशात अजून उजेड, घरात बल्ब पेटलेला. बाहेरचा उजेड निळा होत कमी होतोय, आतला पिवळा तसाच आहे. एक क्षण येतो तेव्हा दोन्ही बरोबरीला येतात, दारातून अंगणही दिसते आणि चेहराही. तो क्षण फार तर पाच-सात मिनिटे टिकतो. त्याच्या आधी दार पांढरेफटक, नंतर दार काळे. गिरडच्या टेकडीवरून, शेख फरीद बाबांच्या दर्ग्याजवळून, मी हा बदल अनेकदा पाहिलाय. खाली गावातले दिवे आणि वर आकाश, दोघांचा तोल एकदाच जमतो. आपल्या आजोबांना पहाटेचा खोटा उजेड आणि खरा उजेड घड्याळाशिवाय ओळखता यायचा. नजर अशीच तयार होते, रोज एकाच वेळी एकाच दिशेला बघून. भाच्याचे पहिले पाच दिवस वाया गेले. एकदा कॅमेरा आपोआप एक्सपोजर बदलत राहिला आणि अम्मी दारापाशी जाताच अंधारली, परत येताच उजळली. मग त्याने सगळे आकडे हाताने बांधून टाकले. सहाव्या दिवशी अजान झाली तेव्हा कॅमेरा तिपाईवर चालूच होता, आणि त्याच्यासकट आम्ही सगळे खजूर तोंडात घालून बसलो होतो.

कवडसे त्याने शेवटी ठेवले. ते धरणे अवघड. कवडसा जमिनीवर इतका प्रखर की त्याला नीट ठेवले तर खोली काळी ठिक्कर, खोली दिसू दिली तर कवडसा नुसता पांढरा डाग. आणि उन्हाची काठी हवेत दिसायला धूळ किंवा धूर लागतो. ‘कागज के फूल’मध्ये व्ही. के. मूर्तींनी आरशांवरून ऊन फिरवून स्टुडिओत तो गाजलेला झोत उतरवला होता. आमच्याकडे अम्मीची चूल होती. ओल्या काड्यांचा धूर झाला आणि पाच-सहा काठ्या छपरापासून जमिनीपर्यंत उभ्या राहिल्या. भाच्याने मला विचारले नाही. त्याने कवडसा धरला आणि खोली जाऊ दिली. फळीवरचे डबे गेले, भिंत गेली, दार गेले. अम्मी चुलीपासून उठून चालत गेली तेव्हा फक्त तिची ओढणी, एक खांदा आणि मग हात, असे एकेका काठीत उजळत गेले आणि विझत गेले.

काल रात्री तरावीहहून परतल्यावर त्याने ते लॅपटॉपवर अम्मीला दाखवले. तिने चष्मा पुसला, पडद्याच्या अगदी जवळ जाऊन बघितले. स्वतःबद्दल काही बोलली नाही. जमिनीवरचा कवडसा पाण्याच्या माठाच्या बुडाशी आलेला होता, तिथे तिने बोट ठेवले.

“हा सव्वाचारचा आहे,” ती म्हणाली. “असर व्हायला आली. मागचं दार उघड म्हणावं, वजूचं पाणी तिकडे ठेवलंय.”